नऊ गोळ्या आणि माहेरचा आहेर

तळेगाव ढमढेरे,
सोमवार, दि. २ फेब्रुवारी २००९

ती. रतन वन्सं यांना साधनाचा नमस्कार. दाजींना नमस्कार, स्वराजला पापा. इकडं सगळे खुशाल आहेत. तुम्हीही घराच्या गडबडीत का होईना, खुशालच असाल.

फोन असताना ही पत्र कशाला लिहीत बसलीय, असं वाटेल तुम्हाला. घरात फोन एक, तो तुमच्या भावाच्या खिशात, आणि भाऊ सेकंड शिफ्टला. घरी असले तरी फोन हातात घेतला की सासूबाई शेजारी हजर. "रतन हाय व्हय? मलाबी दे." तुमच्या आईला ऐकू कमी येतं म्हणतात, पण फोनमधलं सगळं येतं हो! म्हणून इथं कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून लिहितेय. सकाळची बॅच गेली, दुपारची यायचीय. लाईट नाही, त्यामुळं पोरंही उशिराच येतील.

उसाला अजून तोड आली नाही. सासूबाईंचा गुडघा थंडीत जरा धरलाय, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नाही. मोनिका बालवाडीत जाते. रडत नाही. बाई म्हणतात, इतकी शहाणी पोर बघितली नाही. आंघोळ तेवढी आजीच्याच हातून करते हल्ली, माझ्याकडं येत नाही. लाडोबा झालीय.

तुमच्या ओट्याला काळी फरशी बसवली हे ऐकून इतका आनंद झाला म्हणून सांगू! बारा वर्षं रेल्वे क्वार्टरमध्ये काढलीत तुम्ही, नळाला पाणी नाही आणि मागनं गाड्यांचा धडधडाट. आता दौंडात स्वतःचं घर. रविवारी वास्तुशांतीला सगळं माहेर येणार म्हणून तुम्ही किती हौसेनं सांगत होता.

गोळ्यांची पट्टी मिळाली. तुमच्या भावानं आणून दिली. "ताईनं डोकेदुखीच्या दिल्यात," म्हणाले. मी हसले. तुम्ही फोनवर म्हणालात, "तुझी तारीख सातची ना गं? चारपासून चालू कर म्हंजे रविवारी बाजूला बसायला नको. माहेरचा आहेर भावजयीच्या हातून नाही मिळाला तर माझ्या सासरचे तोंडं वाकडी करतील." मी म्हणाले, व्हय वन्सं. तुम्हाला मी कधी नाही म्हटलंय का?

पट्टी मसाल्याच्या डब्यामागं ठेवलीय. दहा गोळ्या आहेत. येता-जाता हात लागतो.

वन्सं, मला त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. बघा, लिहून टाकलं. का नाही, ते मात्र एका दमात लिहायला जमणार नाही. पोरं आली. उद्या लिहिते.


मंगळवार, दि. ३. आकडा सहा.

तारखेपुढं आकडा आहे तो चुकून पडलेला नाही. रोज सकाळी उठल्यावर मी स्वतःला एक ते दहामधला एक आकडा देते. एक म्हणजे मी माणसात आहे. दहा म्हणजे माझ्याजवळ कुणी थांबू नये. दिवाळीत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीचे आकडे बघून तुम्ही विचारलं होतं ना, "एवढंसंच दूध घेता व्हय गं?" सासूबाईंनाही ते दुधाचेच वाटतात. वाटू देत.

पाळीच्या आधीचे सात-आठ दिवस मी मी नसते. चिडचिड सगळ्यांचीच होते, म्हणाल तुम्ही. होते की! तुम्ही भांडी आपटता, दाजी गुपचूप बाहेर जाऊन बसतात, मला माहीत आहे. माझं तसलं नाही. त्या दिवसांत सगळी माणसं माझ्यावर टपून बसलीत असं वाटतं. मोनिकानं नुसतं "आई" म्हटलं तरी डोक्यात काहीतरी पेटतं. मग वाटतं आपण नसलेलंच बरं, पोर सुटेल. आणि पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं साफ. गाणं म्हणत भाकरी थापते. मीच मला विचारते, काल ती कोण बया होती?

सासूबाईंनी दोनदा अंगारा लावला. एकदा देवरुषाकडं नेलं. त्यानं नारळ उतरवून तिठ्यावर टाकायला सांगितला. टाकला. चांगला पाणीदार नारळ होता, मला त्याचंच वाईट वाटलं.

गणपतीत माझा पाय भाजला, तुम्ही इथंच होता. पंधरा दिवसांनी जखम चिघळली म्हणून शिरूरला एका डॉक्टरबाईंना दाखवायला गेले. त्यांनी ड्रेसिंग करता करता सहज विचारलं, "भाजलं तेव्हा पाळीला किती दिवस होते?" भाजण्याचा आणि पाळीचा काय संबंध, मला कळेना. म्हटलं, "पाळी ढकललेली होती. गौरीसाठी गोळ्या चालू होत्या." बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि दार लावून घेतलं. मग मी रडले, आणि त्यांनी रडू दिलं.

त्या म्हणाल्या, याला आजाराचं नाव आहे. तुझ्या एकटीला नाही. वेड नाही, बाधा नाही. पुण्याच्या एक डॉक्टरबाई अशा बायकांची बैठक घेतात, पण कॉम्प्युटरवर. दर रविवारी अकरा वाजता. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते म्हटल्यावर त्या हसल्याच. "मग तुला कुठं जायला नको."

तेव्हापासून रविवारी मी क्लासची किल्ली घेऊन इथं येते. क्लासचे मालक शंकरराव समजतात, मॅडम टायपिंगचा स्पीड वाढवतात. वाढलाय, खोटं नाही! आम्ही सहा जणी आणि पुण्याच्या बाई. कुणी कुणाचं तोंड बघितलेलं नाही. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाईप करायचं. खरी नावं सांगायची नाहीत, म्हणून आम्ही भाज्यांची नावं घेतली. एक वांगं, एक दोडका, एक कारलं. कारलं म्हणजे बँकेत साहेब आहे, सांगलीकडची. मी मिरची. बरोबर घेतलंस गं बाई, असं म्हणाल तुम्ही.

पहिल्या रविवारी मी काहीच टाईप केलं नाही. नुसतं वाचत राहिले. दोडक्यानं लिहिलं, "तीन दिवस राहिलेत. मुलाला कुलूप लावून आत ठेवावं की स्वतःला, कळत नाही." वन्सं, मला वाटत होतं असलं फक्त माझ्याच मनात येतं.

डिसेंबरात एकदा कारल्यानं लिहिलं, "पोरगा झोपलाय. मी त्याला कडी लावून गच्चीवर आलेय. खाली रस्ता दिसतोय." बाई तिला विचारत होत्या, तुझ्याजवळ आत्ता कोण आहे, आणि एवढ्यात इथली लाईट गेली. रविवारी कधीही जाते. त्या दिवशी बॅटरीही चार मिनिटांत मेली. मी काळ्या स्क्रीनपुढं बसून राहिले. तिचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, नंबर माहीत नाही. आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. सासूबाई म्हणाल्या, "दिवस गेले का गं?" काय सांगू त्यांना, सांगलीकडच्या कारल्याचं काय झालं माहीत नाही म्हणून जेवत नाही?

पुढच्या रविवारी अकराला तिनं लिहिलं, "आहे मी." शेजारणीनं तिला खाली आणलं होतं. मी शंकररावांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्यावरून बाईंनी सगळ्यांना काम दिलं. प्रत्येकीचा एक माणूस पाहिजे. या बैठकीच्या बाहेरचा, खराखुरा, हाताला लागणारा. त्याला आधी सगळं सांगून ठेवायचं. आणि आपण "पोर घ्या" म्हटलं की त्यानं का, कशाला न विचारता पोर घ्यायचं. परवाच्या रविवारी बाईंनी विचारलं, माणूस ठरला का? कुणी लिहिलं बहीण, कुणी शेजारीण. मी लिहिलं, नणंद. सगळ्या हसल्या. वांग्यानं लिहिलं, "मिरची, डोकं फिरलंय का तुझं?"

तरीपण मी नणंदच लिहिली. बाळंतपणात माझ्या अंगात ताप होता तेव्हा मोनिकाला सात रात्री छातीशी घेऊन बसला होता तुम्ही, आठवतं? मला आठवतं.

पायाचं खरं सांगायचंय. आज हात चालत नाही. उद्या.


बुधवार, दि. ४. आकडा नऊ.

घेतली गोळी. झालं समाधान?

सकाळी सासूबाईंनी पाण्याचा तांब्या भरून पुढं केला. "घे बाई, रतनचं कार्य नीट पार पडू दे." इतक्या मायेनं म्हणाल्या की मला ओरडावंसं वाटलं. कुणी माझा हात धरला नाही. कुणी जबरदस्तीनं माझं तोंड उघडलं नाही. मीच घेतली, मीच गिळली. मग मागं जाऊन घशात बोटं घातली, तर नुसता चहा पडला.

तुमचं घर, तुमचा ओटा, तुमची काळी फरशी! तुमच्या सासरच्यांची तोंडं वाकडी होऊ नयेत म्हणून माझं अंग दावणीला बांधायचं. गौरीलाही तुम्हीच दिल्या. "मी दर सणाला घेते, मला कवा काय झालं?" तुम्हाला नाही होत! तुम्हाला होत नाही म्हणजे कुणालाच होत नाही का? वर्षाच्या वर्षाला माहेरी यायचं, पाय पसरून बसायचं, आणि भावजयीनं अकरा दिवस उभं राहायचं. जळो ती वास्तुशांती. येत नाही मी.

पुण्याच्या बाई म्हणतात, अशा दिवशी लिहिलेलं फाडू नका. फाडत नाही. वाचा.


गुरुवार, दि. ५. सकाळ. आकडा नऊच आहे.

कालचं वाचून मला लाज वाटली, पण ठेवलंय. अशी असते मी. एकदा बघून ठेवा.

आता पायाचं लिहिते. हे मी पुण्याच्या बाईंनाही लिहिलेलं नाही.

गौरी जेवून गेल्या, पण तुम्ही म्हणालात आता अनंत चतुर्दशीला सत्यनारायण करूनच जाते, तोवर गोळ्या चालू ठेव. मी ठेवल्या. शुक्रवारी दहावा दिवस होता. माझे वाईट दिवस सात-आठ असतात. ते त्या गोळ्यांनी संपेनातच. शिरूरच्या बाईंनी नंतर सांगितलं, तुझी पाळी थांबली, पण पाळीच्या आधीचे दिवस थांबले नाहीत, ते लांबत गेले. सगळ्यांना असं होत नाही, तुझ्यासारखीला होतं. तेव्हा मला कुठं माहीत होतं? मला वाटलं मी कायमची अशी झाले.

तुम्ही ओसरीवर स्वराजला पोहे भरवत होता. मी न्हाणीत मोनिकाला आंघोळ घालत होते. बंबातलं कढत पाणी तांब्यात घेतलं. गार पाण्याचं विसण घालायचं होतं. तेवढ्यात तिच्या डोळ्यात साबण गेला. "आई, डोळं! आई, डोळं!" किंचाळायला लागली, थांबेना.

वन्सं, मी विसण घातलं नाही. मी तांब्या उचलला, तिच्या डोक्यावर.

किती वेळ वर धरला मला माहीत नाही. वाफ दिसत होती. खाली तिचं डोकं, साबणानं पांढरं. तिनं एक डोळा उघडून वर बघितलं. हात खाली येणार हे मला कळत होतं, थांबवता येत नव्हतं. नुसता बाजूला नेता आला. माझ्या पायावर आला.

तुम्ही पळत आलात. मी म्हटलं तांब्या निसटला. तुम्ही माझा पाय मांडीवर घेतलात, टूथपेस्ट लावलीत, फुंकर घालत म्हणालात, "येंधळी कुठली." मला वाटलं आत्ताच सांगावं. तुम्ही इतक्या हळू फुंकर घालत होता की नाही सांगवलं.

पाय बरा झाला, डाग राहिला. मला वाटत होतं पोरीला काही कळलं नाही. चार वर्षांचं लेकरू, काय कळणार?

काल संध्याकाळी ती अंगणातून पाय चिखलानं भरवून आली. सासूबाई देवळात गेलेल्या. मी तिला न्हाणीत नेलं आणि बंबाखाली तांब्या धरला, नुसते पाय धुवायला. पोरगी भिंतीला जाऊन चिकटली. आणि म्हणाली, "आई, पायाव नको वतू. मी नाय रडत."

एवढे महिने ती रडली नाही ती शहाणी आहे म्हणून नव्हे वन्सं. आपण रडलो की आई स्वतःला भाजून घेते, असं तिच्या डोक्यात बसलंय. म्हणून बालवाडीत रडत नाही. पडली तरी रडत नाही. आणि मी तुम्हाला सोमवारी लिहिलं, इकडं सगळे खुशाल.

तांब्या तिथंच ठेवला आणि बाहेर आले. सासूबाई येईपर्यंत ती आत, मी अंगणात, मधे दार उघडं.

मला भीती वाटते. गोळी एकच पोटात गेलीय. पाळी सातला येईल, नाहीतर लांबेल, आणि लांबली तर किती, मला माहीत नाही. एक गेली म्हणून काय होतंय, असं कुणीही म्हणेल. पण त्या न्हाणीत मी होते, ते कुणी नव्हते.

म्हणून आज मोनिकाला तुमच्याकडं पाठवतेय. तुमचे भाऊ शिफ्टला जायच्या आत तिला गाडीवर सोडून जातील. त्यांना सांगितलंय, वास्तुशांतीच्या तयारीला आत्याला मदत करायला चाललीय. ते हसले, "काय मदत करणार ही टिचभर?" त्यांनाही सांगणार आहे मी. पण आकडा एक असेल तेव्हा, नीट, डोकं शांत ठेवून. तोवर तुम्ही काही बोलू नका. सासूबाईंनाही मीच सांगेन.

मोनिकाच्या पिशवीत वर तिचे दोन फ्रॉक आहेत. खाली तुमच्या आहेराची मोरपंखी साडी, दाजींचा पोशाख, खण आणि नारळ. रविवारी तिला पाटावर बसवून तिच्या हातून माहेरचा आहेर घ्या. भावजयीचा हात मिळाला नाही, भाचीचा मिळेल. तोंडं वाकडी करणाऱ्यांना सांगा, साधनाला बरं नाही. ते खरंच आहे.

पिशवीच्या कप्प्यात या पत्रासोबत गोळ्यांची पट्टी आहे. नऊ आहेत. परत पाठवतेय.

तुमच्याकडं होम चालू असेल तेव्हा अकराला मी इथं क्लासमध्ये असेन. पायाचं पहिल्यांदा लिहीन. यावेळी लाईट गेली तरी चालेल. कारल्यानं नियम मोडून मला तिचा नंबर दिलाय. मी एकटी नसेन, माझी काळजी नको. पोरीची करा.

पाळी आली की मी स्वतः फोन करीन. "आले मी" एवढंच म्हणेन. तोवर मोनिकाला कुणाच्या हाती देऊ नका. मला तर नाहीच. मी दारात येऊन रडले, शपथा घातल्या, तुम्हाला नाही नाही ते बोलले, तरी देऊ नका. हसत आले, गोड बोलले, तर दाराला आतून कडी लावा. तुम्हाला मी कधी नाही म्हटलं नाही वन्सं. तुम्ही मला म्हणा.

तिला आंघोळ घालताना पाणी आधी तुमच्या हातावर घेऊन तिला दाखवा. साबण डोळ्यात गेला तर जाऊ द्या, रडू द्या तिला. मोठ्यानं रडू द्या. तू रडलीस म्हणून कुणालाही भाजत नाही, एवढं तिला शिकवा. मला ते शिकवता येईना.

पोर तुमच्या पदरात घालतेय.

तुमची,
साधना